हिक्सनचं फाटक : २४ सेकंदांत न मावलेलं एक मिनिट

६ जानेवारी १९६८, शनिवार. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या हिक्सन गावाजवळ, दुपारी साडेबाराच्या सुमारास एक अजस्र ट्रेलर रेल्वे फाटक ओलांडत होता. त्यावर १२० टनांचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. ओढायला पुढे एक ट्रॅक्टर, ढकलायला मागे दुसरा. पुढच्याच्या नाकापासून मागच्याच्या शेपटीपर्यंत लांबी १४८ फूट, म्हणजे ४५ मीटर. सगळ्याचं मिळून वजन १६२ टन. सोबत पाच जणांचा ताफा आणि वाट मोकळी करायला पोलिसांची गाडी. स्टॅफर्डच्या कारखान्यात बनलेला हा ट्रान्सफॉर्मर हिक्सनच्या बंद पडलेल्या विमानतळावरच्या गोदामात ठेवायचा होता.

फाटक उघडं होतं. पोलिसांची गाडी पार झाली, मागोमाग ट्रेलर रुळांवर चढला. त्याचा वेग होता ताशी २ मैल, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोमीटर. माणूस रमतगमत चालला तरी याच्या पुढे जाईल. मार्गाचं विद्युतीकरण झालेलं होतं, वर २५ हजार व्होल्टची तार होती, आणि ट्रान्सफॉर्मरचं डोकं त्या तारेच्या किती जवळून जातंय याची ताफ्याला काळजी होती. पुढचा ट्रॅक्टर रूळ ओलांडून गेला, ट्रेलर अजून रुळांवरच होता, आणि लाल दिवे लुकलुकायला लागले. घंटा वाजली, अडसर खाली आला. मँचेस्टरहून लंडनच्या यूस्टन स्थानकाकडे निघालेली १२ डब्यांची एक्सप्रेस ताशी १२० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येत होती. ट्रेलरच्या चालकाने उडी टाकून पळ काढला नाही, वेग वाढवून जमेल तेवढं पुढे सरकायचा प्रयत्न केला. ते पुरलं नाही. गाडी ट्रेलरवर आदळली, ट्रान्सफॉर्मर बाजूला फेकला गेला, इंजिनाचा आणि पुढच्या डब्यांचा चुराडा झाला. ११ जण गेले : ८ प्रवासी आणि ३ रेल्वे कर्मचारी. जखमी ४५.

फाटकावरच्या अपघातांत बहुतेक वेळा दोष दाखवायला बोट सहज उठतं. कुणी अडसराखालून मोटारसायकल घातलेली असते, कुणी लाल दिवा पाहूनही गाडी रेटलेली असते. हिक्सनला तसं काहीच नव्हतं. कुणी घाईत नव्हतं. उलट सगळे नको तितके सावकाश होते. फाटकाची यंत्रणा बिघडली नव्हती, तिला नेमून दिलेलं काम तिने सेकंदाला सेकंद जुळवून केलं. पोलीस हजर होते, वाहतुकीची सरकारी परवानगी हातात होती. म्हणूनच इतक्या वर्षांनीही फाटकाच्या सुरक्षेचा विचार करताना मी आधी या अपघाताकडे जातो.

फाटकाने बाजू बदलली

गेटमन असलेल्या जुन्या फाटकाचं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं : रस्ता बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. फाटक आणि सिग्नल एकमेकांना कुलपाने बांधलेले असतात. फाटक उघडं राहिलं किंवा रुळांवर बैलगाडी अडकली, तर सिग्नल लालच राहतो आणि गाडी लांब थांबते. वेळ जातो, रस्त्यावर रांग लागते, पण खोळंबा सोडून काही वाईट घडत नाही.

ब्रिटनमध्ये १९व्या शतकातल्या कायद्यांनी फाटकावर माणूस असणं बंधनकारक केलं होतं. १९५०च्या दशकात गेटमन मिळेनात, मिळाले तर परवडेनात. युरोपात इतरत्र स्वयंचलित अर्धी फाटकं आली होती. अधिकाऱ्यांनी ती जाऊन पाहिली, १९५७च्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि १९६१मध्ये स्टॅफर्डशरमध्येच, स्पॅथ इथे, देशातलं असं पहिलं फाटक बसलं. हिक्सनचं फाटक १९६७च्या एप्रिलमध्ये स्वयंचलित झालं. अपघाताच्या वेळी त्याला वर्षही झालं नव्हतं.

या नव्या फाटकात ते कुलूपच काढून टाकलेलं होतं. फाटकापासून सुमारे १,००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, रुळाला एक खटका बसवलेला असे. गाडीचं चाक त्यावरून गेलं की पुढचं सगळं आपोआप. ढोबळमानाने आठ-आठ सेकंदांचे तीन तुकडे : आधी दिवे आणि घंटा, मग अडसर खाली येणार, मग उरलेला वेळ संपता संपता गाडी हजर. एकूण २४ सेकंद. ताशी ८५ मैल वेगाने १,००० यार्ड कापायला एवढाच वेळ लागतो.

गाडीला थांबवणारा सिग्नल या साखळीत कुठेच नाही. फाटकावर काय आहे हे पाहायला कुणी नाही, आणि समजा पाहिलं तरी उपयोग नाही. लोखंडी रुळांवर लोखंडी चाक, त्या वेगातली गाडी उभी राहायला शेकडो मीटर घेते. आधी गाडी रस्त्याला विचारून येत होती. आता ती फक्त ‘मी आले’ एवढंच सांगते, आणि सांगून २४ सेकंदांत येते.

२४ सेकंद कुठून आले

हा आकडा ऐकून पहिली प्रतिक्रिया येते ती ‘इतके कमी?’ अशी. पण आकडा कंजुषीतून आलेला नव्हता. त्यामागे माणसाच्या स्वभावाचा विचार होता.

अर्ध्या फाटकाचा अडसर रस्त्याची फक्त येणारी बाजू अडवतो, बाहेर पडायची बाजू मोकळी ठेवतो. रुळांवर असलेल्या गाडीला निसटायला जागा राहावी, ती दोन अडसरांच्या मधे कोंडली जाऊ नये, म्हणून. पण हीच मोकळी जागा उतावळ्या माणसाला वळसा घालून घुसायला मोह घालते. फाटक जितका जास्त वेळ बंद, तितका मोह मोठा. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, गाडीचा पत्ता नाही, की कुणीतरी नागमोडी काढतोच. म्हणून वेळ मुद्दाम तोकडी ठेवली : दिवे लागले की गाडी खरंच आलीच, हे लोकांच्या अंगवळणी पडावं. ‘लाल दिवा म्हणजे आत्ता’ ही शिस्त २४ सेकंदांनी लावता येते, चार मिनिटांनी नाही लावता येत.

यात एक अडचण तेव्हाही होती. २४ सेकंद हे सगळ्यात वेगवान गाडीचे. तोच खटका मालगाडीने दाबला की वाट पाहणं कितीतरी लांबतं, आणि रोज मालगाड्या पाहणारा माणूस वेगळाच धडा शिकतो. पुढे काही देशांत गाडीचा वेग मोजून फाटक बंद करायची वेळ ठरवणारी उपकरणं आली, ती यासाठीच.

तर साध्या मोटारीच्या, ट्रकच्या, बसच्या दृष्टीने २४ सेकंदांचा हिशोब चोख होता. आता त्यात ४५ मीटरचा ट्रेलर बसवून पाहू.

ताशी २ मैल म्हणजे सेकंदाला साधारण ०.९ मीटर. ४५ मीटर लांबी, त्यात रुळांची रुंदी आणि दोन्ही बाजूंची थोडी मोकळी जागा मिळवली तर ५४ मीटर धरू. हे पार व्हायला ६० सेकंद लागतात. ते २४ सेकंदांत बसवायचे तर वेग अडीच पट, ताशी आठेक किलोमीटर हवा. विजेच्या तारेखालून १२० टन नेताना तो वेग कोण धरेल?

पण मला या हिशोबाची दुसरी बाजू जास्त भेडसावते. ६० सेकंदांच्या या ओलांडण्यात गाडीने खटका पहिल्या ३६ सेकंदांत कधीही दाबला, तर धडक ठरलेली. नंतर दाबला तर ट्रेलर निसटतो. समजा एखाद्या मार्गावर तासाला १० गाड्या जातात. ३६ गुणिले १०, म्हणजे तासातले ३६० सेकंद धोक्याचे. दहात एक वेळ. म्हणजे असा ट्रेलर कुणालाही न विचारता, डोळे मिटून रुळांवर घातला, तरी दहापैकी नऊ वेळा तो सुखरूप पार होईल. ताफा पुढच्या गावी चहा पिईल आणि कुणाच्या मनात शंकासुद्धा येणार नाही. चुकीच्या पद्धतीला इतक्या वेळा बरोबर उत्तर मिळत असेल, तर अनुभवी माणूस अनुभवानेच फसतो. आणि हिक्सनचा ताफा अवजड वाहतुकीत मुरलेला होता.

फोन होता

यंत्रणा ज्यांनी आखली त्यांना हा प्रश्न सुचलाच नव्हता असं नाही. फाटकाजवळ सिग्नल केबिनला थेट जोडलेले टेलिफोन होते. अवजड किंवा वेगळ्या प्रकारचं वाहन न्यायचं असेल, गुरं न्यायची असतील, तर आधी सिग्नलमनला फोन करा, अशी पाटीही होती. फोन केला असता तर सिग्नलमनने गाड्या लाल सिग्नलला रोखून धरल्या असत्या, ट्रेलरने पाच मिनिटं घेतली असती तरी बिघडलं नसतं. म्हणजे काढून टाकलेलं कुलूप एका वाहनापुरतं परत लावायची सोय होती. किल्ली मात्र रस्त्यावरच्या माणसाच्या हातात दिलेली होती, आणि ती आपल्या हातात आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ताफ्याने फोन केला नाही. पोलिसांनीही केला नाही. दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत किती थोडा वेळ असतो, याची त्यांच्यापैकी कुणाला कल्पना नव्हती.

पाटी रस्त्याच्या कडेला, फोनजवळ. अक्षर बारीक. उंच केबिनमध्ये बसलेल्या, आरशांतून मागचे ४५ मीटर सांभाळणाऱ्या चालकाने ती वाचावी अशी अपेक्षा होती. बरं, वाचली असती तरी त्यात ‘का’ नव्हतं. फोन न केल्यास २४ सेकंदांत गाडी अंगावर येऊ शकते, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कारण न सांगितलेली सूचना माणूस सोयीने वाचतो. ‘वेगळ्या प्रकारचं वाहन’ म्हणजे कोणतं? रोज असलीच वाहनं हाकणाऱ्याला आपलं वाहन वेगळं वाटतच नाही.

शिवाय या सगळ्यांच्या डोक्यात जुनं फाटक होतं. उघडं फाटक म्हणजे गाडी लांब आहे, कुणीतरी पाहतंय, आपण पार होईपर्यंत गाडी सोडणार नाहीत, हा शंभर वर्षांत रुजलेला समज. फाटकाचं तंत्र १९६७मध्ये बदललं. समज बदलायचं काम कुणाच्या यादीत नव्हतं.

१९६६चं पत्र

या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग अपघाताच्या सव्वा वर्ष आधीचा आहे. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्याच लिओमिन्स्टर गावी अशाच एका स्वयंचलित फाटकावर, हिक्सनचा ट्रेलर नेणाऱ्या वाहतूक कंपनीचंच एक अवजड वाहन थोडक्यात वाचलं होतं. कंपनीने रेल्वेला पत्र लिहून ही वेळ फार कमी असल्याची तक्रार केली. रेल्वेकडून उत्तर आलं ते तक्रारदारालाच सुनावणारं. पुढे चौकशीत त्या उत्तराच्या उद्दाम सुरावर कडक ताशेरे ओढले गेले.

रेल्वेची बाजू सावरायला एवढंच म्हणता येईल, की तिच्या नजरेने तिचं बरोबरच होतं : यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली होती, पाटी होती, फोन होता. पण हिक्सनला जे घडलं त्याची रंगीत तालीमच लिओमिन्स्टरला झाली होती, आणि तिचा कागद दोन्ही कार्यालयांत पोचला होता. कंपनीचंही इथेच चुकलं. खरमरीत पत्र पाठवणाऱ्या कंपनीने आपल्याच चालकांना ‘असं फाटक दिसलं की आधी थांबा आणि फोन करा’ हे पक्कं शिकवलं नाही. तक्रार वर गेली, माहिती खाली आली नाही.

चौकशी

सरकारने ब्रायन गिबन्स या ज्येष्ठ वकिलांकडे जाहीर चौकशी सोपवली. १८७१च्या रेल्वे नियमन कायद्याखाली अशी उघड न्यायालयीन धर्तीची चौकशी १८७९च्या टे पूल दुर्घटनेनंतर (स्कॉटलंडमधला हा रेल्वे पूल गाडीसकट कोसळला होता) प्रथमच होत होती. एरवी रेल्वे अपघातांची चौकशी परिवहन खात्याचे रेल्वे निरीक्षक करत. इथे ते शक्य नव्हतं, कारण या फाटकांना मंजुरी देणारं आणि त्यांचे निकष ठरवणारं खातं तेच होतं. आपणच पास केलेला पेपर आपणच कसा तपासणार?

चौकशीने फोन न करण्यावर बोट ठेवलं, पण ते बोट ताफ्यापाशी थांबलं नाही. अवजड वाहनांचा धोका माहीत असूनही तो नीट पोचवला न गेल्याबद्दल खातं, रेल्वे आणि वाहतूक कंपनीचं व्यवस्थापन असे सगळेच त्यात आले. खात्याच्या एका टेबलावरून ट्रेलरचा मार्ग मंजूर झाला आणि दुसऱ्या टेबलावरून फाटकाचा नमुना. त्या मार्गावर ते फाटक आहे, ही गोष्ट दोन्ही टेबलांच्या मधे पडून राहिली. मला विचाराल तर अपघात तिथेच झाला. रुळांवर तो फक्त दिसला.

काय बदललं

नव्या फाटकांचं काम थंडावलं, असलेल्यांवर फेरविचार झाला. लाल दिव्याच्या आधी पिवळा आला. मागोमाग दुसरी गाडी येत असेल तर तसं सांगणारी खूण आली. सूचनेचा कालावधी वाढला. आज ब्रिटनमध्ये अशा फाटकाला किमान २७ सेकंद असतात. फक्त तीन सेकंदांचा फरक! पण वरचा हिशोब आठवला तर उलगडा होतो. ६० सेकंद लागणाऱ्या ट्रेलरसाठी २४ चे ४० केले तरी तो अडकणारच, आणि बाकीच्या हजारो मोटारींना वळसा घालून घुसायचं निमित्त मिळणार. तेव्हा अशी वाहनं मुळात फोनशिवाय रुळांवर येऊच नयेत, हाच मार्ग उरला.

त्यामुळे मला सर्वात मोलाचा वाटणारा बदल पाटीवरचा आहे. ‘वेगळ्या प्रकारचं’ हे विशेषण गेलं, आकडे आले. आजच्या ब्रिटिश पाटीप्रमाणे मोठं वाहन म्हणजे १८.७५ मीटरहून लांब, किंवा २.९ मीटरहून रुंद, किंवा एकूण ४४ टनांहून जड. सावकाश म्हणजे ताशी ५ मैल किंवा त्याहून कमी. पाटी फोनपाशी नाही, फाटकाच्या अलीकडे, चालकाच्या नजरेच्या टप्प्यात. आपण त्यात बसतो की नाही हे आता चालकाच्या मतावर नाही, गाडीच्या कागदपत्रांवर ठरतं.

ज्या ठिकाणी रहदारी जास्त, तिथे पूर्ण फाटक आणि सिग्नलचं कुलूप पुन्हा आणलं जातं. सिग्नलमन कॅमेऱ्याने रूळ मोकळे असल्याची खात्री करतो, किंवा रडार ते काम करतं, आणि मगच गाडीला सिग्नल मिळतो. किंमत अर्थातच वेळेची : अशी फाटकं मिनिटांच्या हिशोबात बंद राहतात.

लांबीचाच आणखी एक फटका

वाहनाची लांबी न मोजल्याने घात होण्यासाठी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मरच लागतो असं नाही. २५ ऑक्टोबर १९९५ला अमेरिकेत इलिनॉयमधल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे एक स्कूलबस फाटक ओलांडून पुढच्या चौकातल्या लाल सिग्नलला थांबली. रूळ आणि थांबायची रेषा यांच्यामधली जागा बसच्या लांबीपेक्षा कमी होती; बसची शेपटी रुळांवर राहिली. गाडी येत असल्याची खबर चौकातल्या सिग्नलला मिळत होती, पण त्याने बसला वाट मोकळी करून दिली तेव्हा हातात मोजकेच सेकंद उरले होते. ७ विद्यार्थी गेले. इथेही फाटक ठीक चाललं, चौकातला सिग्नल ठीक चालला. दोघांची वेळ एकमेकांशी जुळवलेली आहे का, हे पाहणारा कुणी नव्हता.

रस्त्यावरच्या माणसासाठी

पलीकडे आपली अख्खी गाडी मावेल एवढी जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय रुळांवर चाक घालायचं नाही. पुढची गाडी सरकेल या भरवशावर तर नाहीच. वाहन लांब, जड, सावकाश किंवा जमिनीलगत पोट असलेलं असेल, तर निघण्याआधी मार्गातलं प्रत्येक फाटक कोणत्या जातीचं आहे हे विचारून घ्यायचं : सिग्नलला बांधलेलं की आपोआप चालणारं. हा प्रश्न हिक्सनच्या ताफ्याला कुणी विचारायला सांगितला नव्हता. पोट टेकून ट्रेलर अडकतो तो चढावाच्या माथ्यावर, म्हणजे बहुधा नेमका रुळांवर.

गाडी रुळांवर बंद पडली तर आधी माणसं उतरवायची, रुळांपासून लांब न्यायची, आणि मग फाटकावरच्या फोनवरून किंवा पाटीवरच्या क्रमांकावर कळवायचं. गाडी ढकलायची की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. येणारी रेल्वेगाडी दिसत असेल, तर ती ज्या दिशेने येतेय त्या दिशेला तिरकं, रुळांपासून दूर पळायचं; धडकेचे तुकडे उडतात ते रेल्वेगाडीच्या पुढे. अडसर समोर पडला आणि आपण आत कोंडलो, पण आपलं वाहन चालू आहे, तर अडसर मोडून बाहेर पडायचं. मोडलेला अडसर बदलता येतो, पण ऐन वेळी लोकांचा पाय ॲक्सिलरेटरवर न जाता ब्रेकवर जातो, कारण सरकारी वस्तू मोडायची सवय नसते.

ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत आता मोठ्या आणि सावकाश वाहनांसाठी दोन फोन आहेत. पहिला रूळ ओलांडायच्या आधीचा, परवानगीचा. दुसरा, सिग्नलमनने सांगितलं असेल तर, पार झाल्यावरचा : मी पलीकडे आलो, आता गाडी सोडा.